कडीला अडकवलेली पिशवी

आमच्या इमारतीच्या फाटकातून आत आले की डाव्या हाताला पंपरूम आहे आणि तिच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. मी ज्या शाळेत एकतीस वर्षे शिकवले, तिथे पांढरे गुळगुळीत बोर्ड आले तेव्हा हा फळा भंगारात निघाला होता. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी तो टेम्पोने घरी आणला आणि सोसायटीने तो भिंतीला ठोकून दिला. तेव्हापासून त्यावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. पाणी किती वाजता येणार, टाकी कधी धुणार, कोणाचे निधन झाले, कोणत्या मुलीला दहावीत किती गुण मिळाले, हे मी रोज सकाळी साडेआठ वाजता लिहिते.

फळ्याचा एक नियम मी पहिल्याच दिवशी ठरवला होता. ज्याच्याविषयी लिहायचे, त्याला आधी विचारायचे. एका गृहस्थांच्या अंत्ययात्रेची वेळ मला कोणीतरी जिन्यात सांगितली होती. तरीही मी त्यांच्या घरी गेले, मुलाला बाजूला घेऊन विचारले, आणि जिन्यातली वेळ दोन तासांनी चुकीची निघाली. वर्गातही मी मुलांना हेच सांगत असे, की ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट एका वाक्यात लिहू नये.

हा नियम मी एकदाच मोडला. त्याविषयी लिहिताना मला आजही राग येतो. तो ओसरण्याची वाट मी पाहिली होती, पण तो ओसरत नाही. तेव्हा रागासकट लिहिते.

आमच्याकडे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी एक कोळीणबाई मासे घेऊन येत. कांजूरमार्गच्या खाडीकडच्या जुन्या वस्तीत त्यांचे घर. पहाटे धक्क्यावरून माल घ्यायचा, टेम्पोत टोपल्या चढवायच्या आणि नऊच्या सुमारास मुलुंडच्या आमच्या भागात उतरायचे, हा त्यांचा क्रम. मी त्यांना मावशी म्हणत असे आणि त्या मला बाई. दोघींचे वय जवळजवळ सारखेच.

काही वर्षांपूर्वी कमिटीने ठराव केला, की मासळीची टोपली तळमजल्याच्या वर नेऊ नये आणि कोळणीने लिफ्ट वापरू नये, कारण वास येतो. मावशींनी वाद घातला नाही. त्यांनी पंपरूमच्या पायरीवर बसायला सुरुवात केली आणि त्यातून आमच्या इमारतीची एक पद्धत तयार झाली. ज्या घरी मासे हवे असतील, त्या घराने कापडी पिशवीत रिकामा डबा घालून ती सेफ्टी डोअरच्या कडीला अडकवायची. मावशी जिन्याने वर जायच्या, मजल्यामजल्यावरून पिशव्या गोळा करायच्या, खाली येऊन मासे कापायच्या, साफ करायच्या आणि भरलेले डबे पुन्हा त्याच कड्यांना अडकवायच्या. पिशवी उलटी करून लावली असेल तर आज नको. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण कोणती पिशवी कोणाची आणि कोणाला कालवणाचे तुकडे हवेत, कोणाला तळायचे, हे त्यांचे कधी चुकले नाही. माझी पिशवी निळी होती, पहिल्या मजल्यावर.

ही पद्धत इतकी अंगवळणी पडली होती की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नसे. मावशी सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरुवात करतात आणि माझ्या दारी शेवटी येतात, एवढेच मला ठाऊक होते. बाकी कोणकोणत्या घरी मासे जातात याची मी कधी चौकशी केली नव्हती.

आता माझ्या विद्यार्थ्याविषयी. तो आमच्याच इमारतीत राहतो. सातवीत आणि आठवीत मी त्याला मराठी शिकवले. मोठा होऊन त्याने फोनवर आमच्या भागाच्या बातम्यांचे एक चॅनल सुरू केले. सुरुवातीला त्याने चांगले काम केले, हे मी मान्य करते. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडचा वास आमच्या खिडक्यांतून आत येतो, त्यावर मोठ्या वर्तमानपत्रांत दोन ओळीही येत नसत. याने रोज सकाळी फाटकाशी उभे राहून तो वास कोणत्या इमारतींपर्यंत पोहोचला ते सांगितले. फुटलेले गटार, पदपथावरचा राडारोडा, बंद पडलेला दवाखाना, या साऱ्या बातम्या त्याने दाखवल्या. मला अभिमान वाटत असे. कमिटीने मग सोसायटीचा फोनवरचा ग्रुप आणि मजल्यांवर नव्याने बसवलेले कॅमेरे, दोन्हींची व्यवस्था त्याच्याकडे सोपवली. एकाच माणसाच्या हाती कॅमेरे, ग्रुप आणि चॅनल. त्यात काही वावगे आहे असे त्या सभेत कोणाला वाटले नाही. मीही हात वर केला होता.

एका शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या घरातला नवा फोन हरवला. ऑनलाइन मागवलेले पार्सल दाराशी ठेवल्याची नोंद होती, पण संध्याकाळी दाराशी पार्सल नव्हते. त्या घरात नवरा-बायको दोघे नोकरी करतात आणि सोबत नवऱ्याची आई राहते, तिला आम्ही सगळे आजी म्हणतो. आजी त्याच दिवशी दुपारी लेकीकडे गोरेगावला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माझा विद्यार्थी माझ्या दारी आला. मी चहा घेत होते. त्याने फोन माझ्यासमोर धरला. चौदा सेकंदांचे चित्रण होते. मावशी चौथ्या मजल्यावर येतात, कडीला अडकवलेली फुगीर पिशवी काढतात, लिफ्टकडे एकदा वळून पाहतात आणि भराभर जिना उतरतात. पिशवीभोवती लाल वर्तुळ काढलेले होते, मागे ढोल वाजत होता आणि लिफ्टकडे पाहण्याचा क्षण संथ करून दोनदा दाखवला होता.

"बाई, ग्रुपवर टाकलंय मी," तो म्हणाला. "पण म्हातारी माणसं ग्रुप बघत नाहीत ना. तुम्ही फळ्यावर लिहा. तुमचं सगळे मानतात."

मी ते चित्रण तीनदा पाहिले. पिशवीत काहीतरी चौकोनी होते. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरी मासे घेतात का, हा प्रश्न माझ्या मनात आला होता, हे मी इथे नोंदवते. तो विचारण्यासाठी लिफ्टने तीन मजले वर जावे लागले असते. माझा चहा निवत होता, आणि घडलेली गोष्ट तर माझ्या खुर्चीपर्यंत चालत आली होती. ऐकलेली आणि पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवावी, असे मी आयुष्यभर शिकवले. ही तर पाहिलेली होती. लिफ्ट वापरायला बंदी असलेली बाई लिफ्टकडे वळून का पाहते, कोणी आले तर आपल्यावर ओरडेल म्हणून पाहते का, हे मला सुचले नाही.

साडेआठ वाजता मी खाली गेले आणि लिहिले: "सर्व रहिवाशांना सूचना. आपल्या इमारतीत येणारी मासेवाली दारासमोरील वस्तू उचलताना कॅमेऱ्यात आढळली आहे. तिला यापुढे प्रवेश देऊ नये." ओळी सरळ आल्या. अक्षर नेहमीसारखे सुरेख आले. मी दोन पावले मागे जाऊन ते पाहिले आणि घरी आले.

त्या दिवशी दुपारी चॅनलवर व्हिडिओ आला. वर 'ही चोर आहे का?' असा मथळा, चौदा सेकंद, ढोल, आणि शेवटी माझ्या फळ्याचा फोटो. त्यावर विद्यार्थ्याचा आवाज: सोसायटीनेही केले शिक्कामोर्तब. लोकांनी तो पाहिला, पुढे पाठवला, खाली शेरे लिहिले. या बायकांना आतच घेऊ नये. यांच्या टोळ्या असतात. आम्ही तर आधीच बंद केलंय. शेरे लिहिणाऱ्यांत मी शिकवलेली माणसे होती. रविवारी मावशींना आमच्या फाटकावरून परत पाठवण्यात आले. मी गॅलरीतून पाहिले. त्यांनी वाद घातला नाही. टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेल्या. मला वाटले, वाद घालत नाही म्हणजे चोरी केली असणार. इतके वाईट अनुमान मी सातवीच्या मुलालाही काढू दिले नसते.

दहाव्या दिवशी आजी गोरेगावहून परत आली. बुधवारी सकाळी तिने नेहमीप्रमाणे पिशवी कडीला लावली. दुपारी बारा वाजले तरी पिशवी तशीच, म्हणून ती खाली आली आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या मला तिने विचारले, की आज कोळीण आली नाही का. मी सांगितले, तिला बंद केले आहे, तुमच्याच घरची चोरी.

"कसली चोरी?" आजी म्हणाली. "त्या दिवशी पिशवी मीच लावली होती. सुरमईचा डबा होता आत, चौकोनी. तासाभराने भरून आणून दिलान तिने. मी खाऊन मग लेकीकडे गेले."

मी तिला म्हटले, मुलाला हे ठाऊक नव्हते का? आजीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी मूर्ख आहे. "तो साडेसातला निघतो. त्याला काय ठाऊक? रात्री ताटात सुरमई असते, तो खातो. डबा कसा येतो ते कशाला विचारील?"

मी त्याच क्षणी कॅमेऱ्याची पूर्ण फीत मागितली. माझा विद्यार्थी म्हणाला, पाहूया, वेळ मिळाला की. मी त्याच्या दारात उभी राहिले आणि तो काढेपर्यंत हलले नाही. फीत तशीच होती. दहा वाजून बारा मिनिटांनी मावशी पिशवी नेतात. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याच जिन्याने वर येतात, तीच पिशवी त्याच कडीला अडकवतात, आणि आजी दार उघडून आत घेते. हे सारे त्याच फितीत, त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्याने टिपलेले होते. तो पहिल्या चौदा सेकंदांवर थांबला होता. पुढे पाहण्याची त्याला गरज वाटली नव्हती. मला तर मागे-पुढे काय आहे हे विचारण्याचीही वाटली नव्हती.

पार्सल त्याच्या पुढच्याच आठवड्यात सापडले. बी विंगमधल्या त्याच क्रमांकाच्या घराने ते घेऊन कपाटावर ठेवले होते आणि ते लोक गावी गेले होते. ग्रुपवर त्यांनी लिहिले, सॉरी, आमच्याकडेच होतं. त्याखाली तेवीस जणांनी अंगठे उमटवले. त्या तेवीसांपैकी एकानेही मावशींचा उल्लेख केला नाही. मी केला, त्यावर एकाने हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि दुसऱ्याने पाण्याच्या टँकरचा विषय काढला.

मी विद्यार्थ्याला घरी बोलावून म्हटले, व्हिडिओ काढून टाक आणि संपूर्ण फीत दाखव.

तो शांतपणे म्हणाला, "बाई, तो सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ आहे माझा. काढला तर चॅनल खाली जातं. आणि मी कुठे चोर म्हटलंय? मी फक्त विचारलं होतं. चोर आहे असं तर तुमच्या फळ्यावरून कळतं ना लोकांना."

"आणि आता कळलं ना, ती चोर नाही?"

"हो ना. मी एक स्टेटस टाकतो त्याचं. चोवीस तास राहील."

मी त्याला वर्गाबाहेर कधी काढले नव्हते. त्या दिवशी मी त्याला माझ्या घरातून निघून जायला सांगितले. तो चपला घालताना म्हणाला, की बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. हा मुलगा वाईट नाही, असे मी लोकांना पुष्कळ दिवस सांगत होते. आता सांगत नाही. वाईट आहे की नाही याच्याशी मला कर्तव्य उरलेले नाही. तो जे करतो त्याने एका बाईची रोजची वाट बंद झाली, आणि तो ते जाणून करतो.

मावशी आता रिक्षास्टँडच्या पलीकडे, मेडिकलच्या दुकानाशेजारी बसतात, असे वॉचमनने मला सांगितले. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले. टोपलीत बोंबील आणि थोडी कोळंबी होती, बर्फ वितळत आला होता. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी मान वर केली नाही. मी माफी मागितली. पूर्ण हकीकत सांगितली, आजीचा डबा, फीत, पार्सल, सगळे. त्या बर्फावर गोणपाट सारखे करत राहिल्या.

मग म्हणाल्या, "सात बिल्डिंगी बंद झाल्या. वॉचमन फोन दाखवतात. सून म्हनते, आता घरी बस, पोरांची सोयरीक जमायची हाय." बोंबील एका बाजूला सारून म्हणाल्या, "मना वाचता येत नाय, बाई. पन वॉचमननं तो फोटो दाखवला नं, तवा मी अक्षर वळखलं. येता-जाता इतकी वर्सं बघतेय. मी त्याला बोलले, हे बाईंचं हाय, मंग भांडून काय फायदा."

त्यांनी फाटकावर वाद का घातला नव्हता, हे मला तेव्हा समजले.

मी म्हटले, तुम्ही माझ्याबरोबर चला, आपण दोघी सातही इमारतींत जाऊन सांगू.

"मी कशाला येऊ?" त्या म्हणाल्या. "मी काय केलंय? लिवलं तुमी, जावा तुमी."

ते बरोबर होते. मी घरी आले आणि कार्डशीटचे सात कागद घेतले. प्रत्येकावर त्याच अक्षरात पूर्ण हकीकत लिहिली, आधी माझी चूक, मग फितीतल्या दोन वेळा, शेवटी आजीची सही. मग एकेका इमारतीचे फाटक घेतले. स्टेशनच्या बाजूने सुरुवात करून शेवटी आमच्या गल्लीत, एकही सुटू नये म्हणून. चार ठिकाणी वॉचमनने कागद लावू दिला. दोन ठिकाणी सेक्रेटरींना बोलावले. त्यांनी वाचला, ठीक आहे म्हणाले, आणि मावशींना येऊ द्यायचे कबूल केले. सातव्या इमारतीचे सेक्रेटरी शिकलेले गृहस्थ आहेत. त्यांनी कागद वाचला, फोन काढला, चौदा सेकंद मला दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, व्हिडिओ तर अजून आहे. खोटा असता तर काढला असता ना?"

मी त्यांना फितीविषयी समजावू लागले. पंधरा मिनिटे समजावले. शेवटी त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. तो भिंतीवर लागला नाही, हे मी दोन दिवसांनी पाहून आले. हाताने लिहिलेला माझा शब्द खोटा ठरवायला कापलेले चौदा सेकंद पुरे झाले. आणि ते चौदा सेकंद खरे ठरवायला आधी माझेच अक्षर वापरले होते. या गोष्टीचा राग कोणावर काढावा, ते मला अजून ठरवता आलेले नाही. माझ्यावर काढते आणि तरी तो उरतो.

आमच्या फळ्यावर मी चूक कबूल केली. कमिटीने ती तिसऱ्या दिवशी पुसायला सांगितली, कारण भाडेकरू घर बघायला येतात आणि बरे दिसत नाही. मी पुसली नाही. चौथ्या दिवशी ती पुसलेली होती. मी पुन्हा लिहिली. हे नऊ दिवस चालले. दहाव्या दिवशी ठराव झाला, की फळ्याच्या जागी स्क्रीन लावावा. त्यावर सूचना आणि जाहिराती आलटून पालटून येतील, आणि व्यवस्था माझा विद्यार्थी पाहील. फळा महिनाअखेरपर्यंतच राहणार होता, म्हणून मग पुसणाऱ्यांनीही नाद सोडला.

त्यानंतरच्या बुधवारी मावशी आमच्या गल्लीत आल्या. वॉचमनने फाटक उघडले. त्या आत आल्या नाहीत. फाटकाबाहेर, पदपथावर टोपली ठेवून बसल्या. वरच्या मजल्यांवर तीन-चार घरांनी पिशव्या कड्यांना लावल्या होत्या, हे मला नंतर कळले. त्या संध्याकाळपर्यंत तशाच लटकत होत्या. आजी मात्र हातात डबा घेऊन स्वतः खाली आली, आणि मीही गेले.

"वर नाय येनार," मावशी म्हणाल्या. "कॅमेऱ्यात परत कशाला जाऊ? हवं त्यानं खाली यावं."

त्यांनी आजीची सुरमई कापली. माझ्या डब्यात बोंबील घातले. मग कोयता पुसत फाटकातून फळ्याकडे पाहून विचारले, "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवले. आमच्या इमारतीत येणाऱ्या मासेवालीवर मी चोरीचा आरोप लिहिला होता. तो खोटा होता. त्यांनी कोणाचीही वस्तू उचललेली नाही.

मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "मासेवाली कोन?" त्या म्हणाल्या. "इथं दहा मासेवाल्या येतात. माझं नाव लिवा."

मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. इतकी वर्षे त्या माझ्या दारी येत होत्या, आणि मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. मी विचारले. त्यांनी आधी स्वतःचे, मग नवऱ्याचे, मग आडनाव सांगितले, आणि मी एकेक शब्द त्यांना परत म्हणून दाखवला. मग आत जाऊन "मासेवाली" हा शब्द पुसला आणि त्या जागी पूर्ण नाव लिहिले, इतर ओळींपेक्षा मोठ्या अक्षरात. ते मी इथे लिहीत नाही. ते लिहायची जागा ती होती.

मावशी उठून फाटकाशी आल्या आणि त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग टोपली उचलून पुढच्या इमारतीकडे गेल्या. सातवी इमारत त्यांना अजून आत घेत नाही. व्हिडिओही अजून आहे. मी आज सकाळी पाहिला.

नाव फळ्यावर महिनाअखेरपर्यंत राहिले. त्या दिवसांत शंभरेक माणसे रोज फाटकातून आली-गेली, प्रत्येकाच्या हातात फोन होता. फळ्याचा फोटो एकानेही काढला नाही.